ओल्ड फेथफुलचा थेट कॅमेरा: रात्रीच्या जेवणानंतर नक्की बघा

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर ओल्ड फेथफुल या गीझरचं, म्हणजे उकळतं पाणी उंच उडवणाऱ्या झऱ्याचं, थेट चित्रण दिसतं. पैसे लागत नाहीत. मी फोंड्यात आठवी-नववीला विज्ञान शिकवते आणि मुलांना हे आवर्जून बघायला लावते.

वेळ आपल्या सोयीची आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे नऊ. थंडीच्या महिन्यांत वाफ इतकी दाट होते की पाणी आत हरवतं, त्यामुळे मे ते सप्टेंबर उत्तम.

मला सर्वांत आवडतो तो पुढच्या उद्रेकाचा अंदाज. दहा मिनिटं मागेपुढे, असं मोकळेपणानं सांगतात. आणि तो आपल्यालाही काढता येतो! उद्रेक अडीच मिनिटांच्या आत आटोपला तर पुढचा साधारण तासाभरात. जास्त चालला तर दीड तास धरा. जास्त पाणी बाहेर पडलं की खालची पोकळी भरायला आणि तापायला वेळ लागतोच. माझ्या मुलांनी मोबाइलवर चार मिनिटं मोजली आणि अधिकृत वेळ बघण्याआधी स्वतःची वेळ वहीत लिहून टाकली. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीनं हे कधी साधलं नव्हतं.

सुरुवातीला तोंडाशी पाणी दोन-चारदा उसळून खाली बसतं. तिथे कंटाळून बंद करू नका. जमिनीखालची नळी एके ठिकाणी अरुंद आहे. वरच्या पाण्याच्या भारामुळे खालचं पाणी उकळबिंदूच्या पुढे तापूनही पाणीच राहतं. थोडं वरून सांडलं, भार हलका झाला, की खालच्याची झटक्यात वाफ होते. मग पांढरा खांब चढतो, 32 ते 56 मीटर, माडावर माड ठेवावा एवढा. वाऱ्यानं वाफ एका बाजूला कलते आणि बाकांवरची रंगीबेरंगी जॅकेटं उठून उभी राहतात.

राजापूरचं उन्हाळं, म्हणजे गरम पाण्याचा झरा, पाहिलेली मुलं हमखास विचारतात, ते पाणी का उडत नाही? यलोस्टोनखाली तप्त शिलारस आहे, आपल्या कोकणाखाली तसा नाही.

जुन्या पुस्तकांतलं ‘दर तासाला’ विसरा. 1959च्या भूकंपानंतर हे अंतर वाढत गेलं. तिथला स्टीमबोट नावाचा दुसरा गीझर 90 मीटरच्याही वर जातो, पण त्याची वेळ कुणालाच सांगता येत नाही. सुरुवात ओल्ड फेथफुलनंच करा, दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी आणि शक्यतो टीव्हीच्या पडद्यावर.