लक्झेंबर्ग शहरात एक दिवस: बोकची भुयारं की फाफेनटालची लिफ्ट?

मुलं सात-आठ वर्षांची असतील, तर माझं मत ठामपणे भुयारांना. १६४४ मध्ये स्पॅनिश राजवटीत शहराखाली अशी भुयारं खोदायला सुरुवात झाली; बोक नावाच्या कातळातली ही त्यांपैकीच. पुढे शहराखाली २३ किलोमीटरचं जाळं झालं; त्यातलं १७ किलोमीटर आजही शाबूत आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांपासून बचावासाठी हजारो लोकांनी इथेच आसरा घेतला. तोफांच्या झरोक्यातून खाली आल्झेट नदी दिसते, तेव्हा इतिहासाचा कंटाळा करणारं पोरही प्रश्न विचारू लागतं. मुलांना हे दाखवायलाच हवं!

मात्र तिकीट पडतं, आणि गोल जिने अरुंद आहेत. बाबागाडी नेता येत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना तिथे नेऊच नये.

त्यांच्यासाठी लिफ्ट, दरीतल्या फाफेनटाल वस्तीला वरच्या शहराशी जोडणारी. २०१६ पासून सुरू असलेली ही काचेची लिफ्ट ७१ मीटर चढते-उतरते, तीही फुकट, आणि चाकाच्या खुर्चीलाही अडचण नाही. पाहणं पाच-दहा मिनिटांत आटोपतं, हे खरं.

बस आणि ट्राम २०२० पासून सर्वांना मोफत असल्याने दोन गट करावेत आणि जेवायला वरच्या शहरात भेटावं.