पायरसीचा ‘दंड’ भरा म्हणणारी नोटीस आली तर

इंटरनेट कंपनीच्या नावाने व्हॉट्सॲपवर नोटीस येते: तुमच्या जोडणीवरून पायरेटेड सिनेमा डाउनलोड झाला आहे, चोवीस तासांत दंड भरा, नाहीतर प्रकरण पोलिसांत जाईल. अशी नोटीस आली तर एक पैसाही भरू नका. फोंड्याला राहणाऱ्या माझ्या वडिलांनी दोन वेळा मिळून २७,५०० रुपये भरले. ते निवृत्त शिक्षक, उभ्या आयुष्यात कुणाचा रुपया बुडवलेला नाही. गणपतीची चवथ तोंडावर आलेली, घर पाहुण्यांनी भरायच्या बेतात, आणि अशा वेळी दारात पोलीस येणार या धास्तीने त्यांनी कुणाला न विचारता पैसे पाठवले. मी नोकरीसाठी पणजीत असतो. मला कळलं ते तिसऱ्यांदा मागणी झाली तेव्हा.

या लोकांची पद्धत नीट समजून घ्या. नोटिशीच्या आधी एक साधा मेसेज आला होता: केवायसी अपूर्ण आहे, आज रात्री जोडणी बंद होईल, खालची लिंक उघडा. बाबांनी उघडली, पान कोरंच आलं, त्यांनी सोडून दिलं. पण घरच्या वायफायवरून लिंक उघडली की घराचा आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवर जोडणी ओळखायचा आकडा, समोरच्याला कळतो. मग काही दिवसांनी पीडीएफ आली. वर कंपनीचा लोगो, बाबांचं पूर्ण नाव, तोच आयपी ॲड्रेस, एका नव्या हिंदी सिनेमाचं नाव, कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ६३ आणि तळाशी निळा गोल शिक्का. शिक्क्यात इंग्रजीत ‘गोवा सर्कल’ असं लिहिलेलं. दूरसंचार खात्याच्या रचनेत गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये, म्हणजे विभागात, येतं, गोव्याचं वेगळं सर्कलच नाही. पण हे घाबरलेल्या माणसाच्या लक्षात येणार कसं?

आयपी ॲड्रेस जुळला म्हणून बाबांना सगळंच खरं वाटलं. त्यात भर म्हणजे तो सिनेमा घरात खरोखरच उतरवलेला होता. ताईचा मुलगा कॉलेजसाठी आमच्याकडे राहतो, त्याने टॉरेंटवरून, म्हणजे लोक एकमेकांच्या संगणकांतून फाइल घेतात त्या मार्गाने, घेतला होता. ठगांना हे माहीत असायची गरज नव्हती. नुकत्याच गाजलेल्या सिनेमाचं नाव टाकून शेकडो घरांत नोटिसा पाठवल्या की काही घरांत नेम लागणारच. नातवाला विचारल्यावर तो गप्प झाला, आणि बाबांनी त्याच संध्याकाळी १८,५०० रुपये ‘सेटलमेंट’ म्हणून यूपीआयने भरले. दुसऱ्या दिवशी ‘क्लोजर सर्टिफिकेट’साठी ९,००० रुपये गेले.

भाच्याशी माझा या विषयावर बराच वाद झाला. त्याचं म्हणणं, मित्राला पुस्तक द्यावं तशी फाइल देतो-घेतो, त्यात चोरी कसली? आणि चोरी असलीच, तर अमर्याद डेटा विकून पैसे कमावणारी कंपनीही तितकीच जबाबदार. मला पहिलं अजिबात पटत नाही. पुस्तक दिलं की आपल्याकडे उरत नाही. टॉरेंटवर उतरवत असतानाच तुमच्या संगणकावरून तुकडे अनोळखी लोकांना जात असतात, म्हणजे ‘मी फक्त पाहिलं’ ही सबब तिथे टिकत नाही. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. कायदा खराच कडक आहे, म्हणून तर त्याच्या नावाने भीती घालता येते.

पण कंपनीच्या जबाबदारीचं चित्र वेगळं आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७९ नुसार, कंपनी फक्त वाहतुकीचं काम करत असेल आणि कायद्याने घातलेली पथ्यं पाळत असेल, तर ग्राहकाने काय पाठवलं वा उतरवलं याचा दोष तिच्यावर येत नाही. न्यायालयाने आदेश दिला तर तिने पायरसीची साइट बंद करायची. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असा आदेश दिला की बंद केलेल्या साइटच्या नव्या नक्कलाही त्याच आदेशात जोडता येतात. अशा साइटवर गेलं की बंदीची सूचना दिसते ती यातूनच. ग्राहकाला दोषी ठरवणं, दंड लावणं, मिटवामिटवी करून पैसे घेणं हे इंटरनेट कंपनीचं काम नाही. दंड लावतं ते न्यायालय. हक्कमालकाला भरपाई हवी असेल तर तो वकिलामार्फत नोटीस देतो किंवा दावा लावतो, आणि त्याला आपल्या वकिलाकडून उत्तर देता येतं.

भाच्याने नोटीस आल्यावर नेटवर शोधलं होतं, तेव्हा परदेशात कंपन्या ग्राहकांना इशारे पाठवतात असं त्याला सापडलं. तेही खोटं नाही. फ्रान्सने २००९ मध्ये टप्प्याटप्प्याने इशारे देण्याचा कायदा केला, अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी २०१३ ते २०१७ अशी योजना चालवली. आपल्याकडे तसं काही नाही. आणि कंपनीने प्रत्येक ग्राहकावर पाळत ठेवावी या मागणीला माझा ठाम विरोध आहे. सिनेमा शोधायला म्हणून आपलं सगळं बोलणं-वाचणं चाळायची मुभा कुणाला का द्यायची? शिवाय बऱ्याच कंपन्या एकच आयपी ॲड्रेस अनेक घरांना मिळून देतात. नुसत्या त्या आकड्यावरून अमुकच घर दोषी असं म्हणता येत नाही.

तिसरी मागणी ४५,००० ची होती आणि ती व्हिडिओ कॉलवर आली. खाकी गणवेशातला माणूस, मागे अशोकस्तंभाचा फोटो. ‘मास्तर, तुमचा नातू उद्या नोकरीला कसा लागणार?’ असं तो बाबांना चक्क मराठीत म्हणाला. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात, असं बजावलं. आईला खोलीत यायलाही मनाई. तिने मागच्या पडवीत जाऊन मला फोन केला, म्हणून पुढचं वाचलं. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावणं ग्राह्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

मी आईला कॉल तोडायला लावला आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही. दुसऱ्यांदा भरलेले ९,००० रुपये एका खात्यात अडकवून ठेवता आले, १८,५०० तोवर पुढे काढून घेतले होते. अडकवलेले पैसे परत मिळण्यासाठी कोर्टाच्या आदेशाची वाट बघतोय. असं कुणाच्या घरी झालं तर यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, त्या माणसाचा नंबर आणि पीडीएफ काहीही पुसू नका, आणि आधी १९३० लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जायला मिनिटं लागतात. घरातल्या मुलाने खरंच काही उतरवलं असेल तरीही तक्रार करा. त्या गोष्टीने ठगाला तुमच्या पैशांवर कसलाही हक्क मिळत नाही.