बासा की पोलॉक? स्वस्तातला फ्रोझन पांढरा मासा निवडताना

कमी खर्चात मासे खायचे ठरवून फ्रोझन पांढऱ्या माशाकडे वळलं की निवड बहुधा दोन पाकिटांवर येऊन थांबते: बासा आणि अलास्का पोलॉक. दोन्ही बिनकाट्याच्या फिलेमध्ये मिळतात, दोन्ही चवीला सौम्य. बराच काळ मी दोन्ही आलटून पालटून आणत होतो. आता फ्रीझरमध्ये बहुतेक वेळा पोलॉकच असतो. तरी बासाला मोडीत काढायचा माझा इरादा नाही. काही घरांना तोच जास्त सोयीचा पडेल.

दोन्ही स्वस्त असले तरी स्वस्ताईची कारणं वेगळी आहेत, आणि ताटातला फरकही तिथूनच येतो. बासा म्हणून जो मासा विकला जातो तो गोड्या पाण्यातला, कॅटफिशच्या जातीचा. त्याची शेती मुख्यतः व्हिएतनाममध्ये, मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात होते. पाण्याबाहेर तोंड काढून तो हवेतूनही श्वास घेतो, म्हणून तळ्यात दाटीवाटीनं वाढवता येतो. पोलॉक हा कॉडच्या कुळातला, उत्तर पॅसिफिक आणि बेरिंग समुद्रातला मासा. जगभरात वर्षाला ३० लाख टनांहून जास्त पोलॉक पकडला जातो. फिश फिंगर किंवा सुरिमी (माशाच्या लगद्यापासून केलेला पदार्थ) खाल्ली असेल तर पोलॉक बहुधा आधीच पोटात गेलेला आहे.

मऊपणात बासा पुढे. शिजायला दोन मिनिटं जास्त लागली तरी तो कोरडा पडत नाही, त्यामुळे एकीकडे दुसरं काम करत स्वयंपाक करणाऱ्याला तो सांभाळून घेतो. पोलॉकमध्ये चरबी फारच कमी, १ टक्क्याच्या आसपास. आचेवर विसरलात तर लगेच रबरासारखा होतो. उलट बासाला कधी कधी तळ्याची मातकट चव असते. ती जिओस्मिन नावाच्या द्रव्यामुळे येते आणि आंबट पदार्थानं ते विघटित होतं, म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर चोळून ठेवलं की बरीच कमी होते. तेवढ्यासाठी कुणी बासा सोडावा, असं मला वाटत नाही.

मी सोडला तो पाण्यामुळे.

फिले व्यवस्थित वितळवला, कापडानं टिपला, तवा चांगला तापवला, तेल घातलं. पहिल्या मिनिटाला छान चरचर येते आणि मग ती हळूहळू विझून तिच्या जागी बुडबुडे येऊ लागतात. कडेनं पांढरट पाणी सुटतं, त्यावर फेस धरतो, आणि मासा भाजला जायच्या ऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडत बसतो. आच वाढवली तरी उपयोग नाही. तव्यावर पाणी आहे तोवर माशाचा पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जातच नाही, आणि खरपूस रंग यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. पाणी आटेपर्यंत मासा शिजून मोडायला आलेला असतो. वर लावलेलं पीठ ओलं होऊन तव्यालाच चिकटून राहतं.

हे पाणी येतं कुठून? फ्रोझन फिलेवर बर्फाचा पातळ थर मुद्दाम चढवतात, म्हणजे मासा फ्रीझरमध्ये सुकत नाही. त्यात गैर काही नाही; तो वितळून निघून जातो. खरी अडचण आतल्या पाण्याची. पुष्कळ फिले फॉस्फेटच्या द्रावणात भिजवलेले असतात. फॉस्फेटमुळे माशातली प्रथिनं फुगून जास्त पाणी धरून ठेवतात. हे करण्याला परवानगी असते आणि ते घटकांमध्ये लिहावं लागतं: ई ४५०, ई ४५१, ई ४५२ हे आकडे, किंवा ट्रायफॉस्फेट, पॉलिफॉस्फेट हे शब्द. धरून ठेवलेल्या या जास्तीच्या पाण्यातलं बरंचसं तव्यावर सुटतं. पोलॉकलाही हे करतात, हे खरं. पण मी आणलेल्या पाकिटांत घटक म्हणून नुसता ‘मासा’ लिहिलेला पोलॉक सहज मिळाला, तसा बासा क्वचितच. तुमच्या हाती येणारं पाकीट वेगळं असू शकेल, म्हणून मागची बाजू वाचल्याशिवाय काही घेऊ नये.

पैशांचा हिशेबही इथेच बदलतो. पाकिटावरची किंमत पाहिली तर बासा बहुधा स्वस्त. मी काही कच्चा आणि शिजलेला मासा काट्यावर तोलून पाहिलेला नाही, पण सारख्या वजनाच्या पाकिटातून ताटात आलेला पोलॉक मला नेहमी भरीव वाटला आहे. पाण्याचे पैसे वजा केले तर दोघांतलं अंतर फारसं उरत नसावं. तुलना करताना बर्फाचा थर सोडून उरणारं निव्वळ वजनच धरा.

आता पोलॉकच्या तक्रारी. बराचसा पोलॉक पकडल्यावर गोठवतात, मग वितळवून फिले काढतात आणि पुन्हा गोठवतात. असा दोनदा गोठवलेला मासा शिजल्यावर भुगा होतो. एकदाच, समुद्रावरच गोठवलेला मिळाला तर पाकळ्या स्वच्छ सुटतात. दुसरं म्हणजे कॉडच्या कुळातले मासे फ्रीझरमध्येही बदलत राहतात: त्यांच्यातलं एक विकर हळूहळू फॉर्माल्डिहाइड तयार करतं आणि मांस चिवट होत जातं. तापमान वरखाली झालं की हे लवकर घडतं, आणि घरचा फ्रीझर तर सारखा उघडला जातो. म्हणून पोलॉकची मोठी पिशवी स्वस्त दिसली तरी मी लहानच घेतो. साठवून ठेवायचा असेल तर बासा उजवा. तिलापिया या दोघांच्या मधला; मिळाला तर वाईट नाही.

करायच्या पद्धतीबद्दल थोडं. पोलॉक आदल्या रात्री फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवावा. पाकीट व्हॅक्यूमचं असेल तर वितळवण्याआधी फोडून घ्यावं. हवा नसलेल्या पाकिटात बोट्युलिझमचे (अन्नातून होणाऱ्या घातक विषबाधेचे) जंतू फ्रीजच्या थंडाव्यातही वाढू शकतात. शिजवण्याआधी मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवलं आणि सुटलेलं पाणी टिपून काढलं की तुकडा घट्ट होतो. मग तापलेल्या तव्यावर एकच बाजू नीट खरपूस करायची, उलटायचं आणि लगेच आच बंद. तव्याची धग उरलेलं काम करते. मधोमध पारदर्शकपणा गेला आणि पाकळी बोटानं सुटली की झाला. थर्मामीटर असेल तर ६३ अंश. मोडलेले तुकडे उकडलेल्या बटाट्यात मिसळून कटलेट केले तर एका फिलेत दोघांचं जेवण होतं, आणि पैसे वाचवायचे तर मला याहून चांगला उपाय माहीत नाही. बासाचे असे कटलेट मात्र सैल पडतात. त्यात ब्रेडचा चुरा वाढवत जावा लागतो आणि शेवटी चव ब्रेडचीच लागते.

रस्सा किंवा सूप करणार असाल तर माझी तक्रार जवळपास निकालात निघते. सुटलेलं पाणी रश्श्यातच जातं, तुकडा मऊ राहतो, आणि गोठलेला फिले तसाच कापून उकळत्या रश्श्यात सोडला तरी चालतो. घरात तळणं-भाजणं होतच नसेल तर जास्तीचे पैसे पोलॉकवर घालायचं कारण नाही. आणि समोर दोनदा गोठवलेला, फॉस्फेट लावलेला पोलॉक असेल आणि शेजारी घटकांत नुसता ‘मासा’ लिहिलेला बासा, तर मीसुद्धा बासाच उचलेन.