एसएटी रीडिंग: ब्लूबुक, प्रश्नपेढी आणि चुकांची वही, सात महिन्यांनंतर

एसएटी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा. तिच्या पहिल्या सराव परीक्षेत रीडिंग अँड रायटिंग या इंग्रजीच्या विभागात ५७० आले तेव्हा मी ठरवूनच टाकलं की आपला वाचायचा वेग कमी आहे. दोन महिने त्या समजुतीपायी पाण्यात गेले. स्टॉपवॉच लावून लेख वाचले, एका अ‍ॅपवर (नाव घेत नाही) रोज चाळीस शब्द पाठ केले. दुसरी सराव परीक्षा: ५८०.

मग एकदा शांतपणे घड्याळाचं गणित मांडलं. विभागाचे दोन भाग, म्हणजे मॉड्यूल, असतात. एका मॉड्यूलमध्ये २७ प्रश्न, ३२ मिनिटं. म्हणजे प्रश्नाला साधारण ७१ सेकंद. उतारा फार तर दीडशे शब्दांचा आणि एका उताऱ्यावर एकच प्रश्न. जुन्या कागदी परीक्षेतले लांबलचक उतारे आणि त्यांच्यामागे लागलेली प्रश्नांची रांग आता नाही, हे मला माहीत होतं. तरी सल्ले मात्र मी त्या जुन्या परीक्षेचेच पाळत होते. दीडशे शब्द वाचायला मला मिनिटही लागत नव्हतं. वेळ खात होते ते शेवटी उरलेले दोन पर्याय.

तिथून पुढे तीनच गोष्टी वापरल्या. ब्लूबुक या परीक्षेच्या अधिकृत अ‍ॅपमधल्या पूर्ण सराव परीक्षा, ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची ऑनलाइन प्रश्नपेढी आणि एक साधी दोनशेपानी वही. पहिल्या दोन्ही फुकट आहेत. प्रश्नपेढीत कौशल्य आणि काठिण्यपातळी निवडून प्रश्न काढता येतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ब्लूबुकच्या सराव परीक्षांमधले प्रश्न वगळायची सोय तिथे आहे, ती आधी चालू करा. नाहीतर तेच प्रश्न आधी सोडवून बसाल आणि सराव परीक्षेचा स्कोअर उगाच फुगेल.

खरा फरक वहीने पाडला. सुरुवातीला मी तिच्यात योग्य उत्तर आणि त्याचं स्पष्टीकरण उतरवत होते. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण स्पष्टीकरण वाचलं की सगळंच पटतं. नंतर एकच ओळ लिहायला लागले: मी निवडलेला पर्याय मला तेव्हा का आवडला? महिन्याभरात माझ्याच तीन खोडी पुन्हा पुन्हा दिसायला लागल्या. त्यांना नावं दिली: ‘जास्त बोलला’ (पर्याय उताऱ्याच्या पुढे जातो), ‘मनचं घातलं’ (उताऱ्यात नसलेलं मीच धरून चालले) आणि ‘खरं, पण विचारलंय कुठे?’

तिसरी खोड सर्वांत महागात पडली, म्हणून एक नमुना देते. उतारा मी माझ्या शब्दांत रचलाय, पण धाटणी तीच. शहरातले काही पक्षी जंगलातल्या त्याच जातीच्या पक्ष्यांपेक्षा वरच्या पट्टीत गातात. संशोधकांना वाटतं, याचं कारण वाहनांचा आवाज आहे. कोणत्या निरीक्षणाने या म्हणण्याला सर्वांत जास्त बळ मिळेल? एक पर्याय: आणखी तीन शहरांतही हे पक्षी वरच्या पट्टीत गाताना आढळले. दुसरा: त्याच शहरात, वाहतूक जवळजवळ थांबलेल्या दिवसांत त्यांची पट्टी खाली आली. मी पहिला निवडणारी होते. तीन शहरं म्हणजे भक्कम पुरावा, नाही का? पण त्याने फक्त ‘शहरात असं होतं’ एवढंच पुन्हा सांगितलं. ते आवाजामुळे होतं की इमारतींमुळे की आणखी कशामुळे, याबद्दल अवाक्षर नाही. दुसऱ्या पर्यायात शहर तेच, पक्षी तेच, फक्त आवाज काढून घेतलाय.

हे उमगल्यावर सवय बदलली. आधी प्रश्न वाचायचा, मग उतारा, आणि पर्यायांकडे बघायच्या आधी उत्तर मनात मोडक्यातोडक्या शब्दांत म्हणायचं. पुराव्याच्या प्रश्नात दावा बोटावर मोजता येईल इतक्या शब्दांत आवळायचा: ‘कारण आवाज’. पहिले तीन आठवडे याने वेग उलट घटला. दर मॉड्यूलमध्ये चार-पाच प्रश्न सुटायचे राहात आणि मी घाबरून जुन्या पद्धतीकडे वळणार होते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून राहिलेल्यांना अंदाजाने टिक करत दिवस ढकलले. नंतर पर्यायांमधली घुटमळ कमी झाली तसा वेळ आपोआप उरायला लागला.

शब्दांच्या प्रश्नांनाही हेच लागू पडलं. गाळलेल्या जागी आधी स्वतःचा शब्द ठेवायचा, अगदी ‘वाईट’ किंवा ‘वाढवणे’ असा ढोबळ असला तरी चालेल. पाठ केलेले शब्द कामी आले, नाही असं नाही, पण मी त्यांना जेवढा वेळ दिला तेवढे मुळीच नाही.

एक तक्रार. मध्ये धीर सुटून एका क्लासच्या विकतच्या सराव परीक्षा घेतल्या. त्यांत दोन पर्याय सारखेच बरोबर वाटायचे आणि स्पष्टीकरणात ‘हा अधिक योग्य आहे’ यापलीकडे काही नसायचं. मूळ परीक्षेत चुकीच्या पर्यायात बोट ठेवता येईल असा एखादा शब्द सापडतोच. त्या प्रश्नांनी मला नको तिथे शंका घ्यायला शिकवलं आणि ती सवय मोडायला आणखी दोन आठवडे गेले.

पहिल्या मॉड्यूलकडे हलक्याने बघू नका. तिथल्या कामगिरीवरून दुसरं मॉड्यूल सोपं की अवघड ते ठरतं, आणि सोपं आलं तर वरचे स्कोअर हाताबाहेर जातात. मी व्याकरणाचे प्रश्न आधी उरकून मग उताऱ्यांकडे परत यायचे. प्रश्न प्रकारवारीने लागलेले असतात, त्यामुळे तिथे थेट उडी मारता येते. सगळ्यांना हे झेपेल असं नाही. माझ्या मैत्रिणीचा यात गोंधळच उडाला.

प्रत्यक्ष परीक्षेत ६९० आले. कवितांचे उतारे अजूनही जमत नाहीत. वहीत ‘मनचं घातलं’ या खोडीखाली अर्ध्याहून जास्त नोंदी कवितांच्याच आहेत. सध्या प्रश्नपेढीतून फक्त साहित्याचे उतारे वेचून, दिवसाला सहा, असं चाललंय.