चौकात कॅमेरा बरा की सर्कल?

अमेरिकेत सिग्नलवरच्या कॅमेऱ्यांचा हिशेब 2005 च्या सरकारी अभ्यासाने मांडला: आडव्या धडका जवळपास 25 टक्क्यांनी घटल्या, मागून ठोकण्याचे प्रकार मात्र 15 टक्क्यांनी वाढले. दंडाच्या धास्तीने पिवळा दिवा दिसताच पुढचा करकचून ब्रेक मारतो आणि मागचा येऊन आदळतो. तरीही आडवी धडक जास्त जीवघेणी, थेट दारावरच बसते. त्यामुळे कॅमेरे वाया गेले असं मी म्हणणार नाही.

पण इंडियाना राज्यातलं कार्मेल शहर बघा. तिथे बहुतेक सिग्नल काढून दीडशेच्या वर सर्कल बांधली. आत शिरतानाच वेग कमी करावा लागतो, म्हणून गाड्या भिडल्याच तरी तिरक्या आणि हळू. जागा असेल तिथे माझं मत सर्कललाच. दाटीवाटीच्या चौकात कॅमेरा चालेल, फक्त पिवळ्या दिव्याला पुरेसे सेकंद द्या.