फेरिटिन 11, आणि रिपोर्टवर ‘नॉर्मल’

माझा ॲनिमिया बरा होतो आणि पुन्हा येतो. एक जिना चढून धाप लागली की मी या लॅबला घरी बोलावते. तीन वर्षं झाली.

रक्त घेण्यात यांचा हात धरणारं कोणी नाही. माझी शीर सहज सापडत नाही, दुसरीकडे टोचून टोचून हात काळानिळा झालाय. इथले दादा आधी हात खाली सोडून बसवतात, बोटाने शीर चाचपतात, मगच बारीक बटरफ्लाय सुई काढतात. जांभळ्या टोपणाची ट्यूब भरली की ती सावकाश आठ-दहा वेळा उलटीसुलटी करतात. त्यात घाई झाली तर रक्त गोठतं आणि सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीसाठी, पुन्हा टोचून घ्यावं लागतं.

तक्रार रिपोर्टबद्दल आहे. गेल्या वर्षी लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन 9.1 वरून 12.3 झालं. बायकांसाठी सीमा 12 ची, म्हणजे सुटले असं वाटलं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, होतं 11. त्यापुढे कसलीच खूण नाही, कारण यांची ‘नॉर्मल’ मर्यादाच 10 पासून सुरू होते. मी गोळ्या बंद केल्या. पाच महिन्यांत हिमोग्लोबिन पुन्हा 9.8! डॉक्टरांनी जुना रिपोर्ट काढून त्या 11 वर बोट ठेवलं. फेरिटिन 15 च्या खाली म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपलेला. हिमोग्लोबिन सावरल्यावरही साठा भरेपर्यंत, साधारण तीन महिने, गोळ्या घ्यायच्या असतात. मला तोवर हे कोणी सांगितलंच नव्हतं. (लोह जात होतं पाळीतल्या अतिरक्तस्रावातून. त्यावर आता वेगळे उपचार चालू आहेत.)

मी लॅबला सविस्तर लिहिलं. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्वतः फोन करून वीस मिनिटं एकेक आकडा समजावला. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन वाढतं, तेव्हा साठा भरलेला आहे असं उगाच वाटतं, हे त्यांच्याकडूनच कळलं. मर्यादा मात्र अजून 10 च छापतात, म्हणून एक तारा कमी.

पण आता मागचे रिपोर्ट शेजारी छापून येतात, आणि ते फार कामाचं आहे. यंदा हिमोग्लोबिन 12 वर असतानाच एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, 84 वरून 79 वर घसरलेला दिसला. 80 च्या खाली पेशी लहान समजतात. धाप लागायच्या आत डॉक्टरांकडे गेले.

सीबीसी त्याच दिवशी येतो, फेरिटिन दुसऱ्या दिवशी. पहिला कागद बघून गोळ्यांचा निर्णय घेऊ नका.