कुलूपबंद बॅटरी घ्यावी का? तीन जुन्या टेस्लांची तुलना

माझी मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला राहते. रोजचं येणं-जाणं ४५ मैलांचं, घराला गॅरेज, गॅरेजात २४० व्होल्टचं कनेक्शन. जुनी टेस्ला घ्यायचं ठरवून तिने तीन गाड्या हेरून ठेवल्यात: २०१६च्या शेवटची मॉडेल एस ६०, त्याच वर्षाची मॉडेल एस ७५ आणि २०२२ची, मागच्या चाकांवर चालणारी मॉडेल ३. तिने विचारलं, "दादा, ६० आणि ७५मध्ये बॅटरी एकच आहे म्हणतात, मग स्वस्तातली का घेऊ नये?"

म्हणतात ते खरं आहे. जून २०१६मध्ये टेस्लाने ६० पुन्हा बाजारात आणली, तेव्हा गाडीखाली बॅटरीचा पॅक ७५ किलोवॅट-तासांचाच बसवला होता. सॉफ्टवेअरने तो ६०वर अडवला होता, एवढंच. अधिकृत रेंज ६०ची २१० मैल, ७५ची २४९. गाडी घेतल्यावर कुलूप काढून घ्यायचं तर ९,००० डॉलर पडायचे; २०१७मध्ये ही रक्कम २,००० डॉलरवर आली. पण गाडी कोणत्या वर्षाची आहे ते आधी बघा. २०१३-१४च्या ६०मध्ये पॅक खरोखरच लहान आहे, तिथे उघडायला काहीच नाही.

आता रोजच्या चार्जिंगचं. लिथियम-आयन सेलला काठोकाठ भरून ठेवलेलं सोसत नाही. मॉडेल एसमधले निकेलवाले सेल पूर्ण भरले की ४.२ व्होल्टच्या आसपास जातात. त्या टोकाला गाडी दिवसचे दिवस उभी राहिली, त्यात उन्हाळा असला, की आत नको त्या रासायनिक क्रिया वाढतात आणि क्षमता कायमची घटते. म्हणूनच ७५सारखी गाडी रोज ८०-९० टक्क्यांवर थांबवावी आणि १०० टक्के फक्त लांबच्या प्रवासाआधी करावी.

६०मधलं कुलूप नेमकं वरच्या बाजूला आहे. पडद्यावर १०० टक्के दिसतं तेव्हा सेल प्रत्यक्षात साधारण ८५ टक्क्यांवर असतात. त्यामुळे रोज रात्री बिनघोर १०० टक्के करून झोपता येतं. फास्ट चार्जरवरही फायदा होतो. बॅटरी भरत आली की चार्जिंगचा वेग पडतो आणि शेवटचे १०-१५ टक्के रेंगाळतात. ६०ला त्या रेंगाळणाऱ्या भागात जावंच लागत नाही.

माझ्या मते जुनी गाडी घेणाऱ्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे. आधीच्या मालकाने बॅटरी कशी वापरली हे तुम्हाला कळत नाही. ७५ त्याने महिनोन्‌महिने १०० टक्के भरून दारात उभी केली असेल, तर त्याची किंमत तुम्ही मोजता. ६०च्या मालकाला मनात आणूनही तसं करता आलं नसतं. त्याचा निष्काळजीपणा कुलपाने अडवला.

मात्र खालच्या टोकाला हे संरक्षण नाही. शून्य म्हणजे जवळजवळ शून्यच. ५ टक्क्यांवर गाडी विमानतळावर आठवडाभर सोडली तर ६० आणि ७५ सारख्याच धोक्यात. थंडीत गारठलेली बॅटरी फास्ट चार्जरला लावण्याचंही तसंच. त्या काळच्या गाड्यांना सुपरचार्जर, म्हणजे टेस्लाचे फास्ट चार्जर, फुकट होते, म्हणून काही मालकांनी घरी प्लग लावलाच नाही. विक्रेत्याला हे जरूर विचारा.

कुलपाची दुसरी बाजू म्हणजे किल्ली कंपनीकडे राहते. सप्टेंबर २०१७मध्ये इर्मा वादळ आलं, तेव्हा फ्लोरिडातून बाहेर पडणाऱ्यांसाठी टेस्लाने अशा गाड्यांची कुलपं दुरूनच काही दिवसांसाठी काढली. चांगलं काम केलं, पण दुरून उघडता येतं ते दुरून बंदही करता येतं. २०२२मध्ये एक प्रकरण गाजलं: मूळच्या ६०मध्ये वॉरंटीत ९०चा पॅक बसला होता, गाडी तिसऱ्या मालकाकडे आली आणि कंपनीने ती सॉफ्टवेअरने पुन्हा ६० केली. म्हणून आधीच कुलूप काढलेली गाडी कोणी विकत असेल, तर पैसे भरल्याची पावती मागा. तोंडी शब्दावर जाऊ नका.

हा सौदा आपल्याकडेही होऊन गेलाय. ऑगस्ट २०२१मध्ये ओलाने एस१ ही इलेक्ट्रिक स्कूटर ९९,९९९ रुपयांना आणि एस१ प्रो १,२९,९९९ला जाहीर केली. पुढे जानेवारी २०२२मध्ये एस१ बुक केलेल्यांना प्रोचीच सामग्री देऊन वरच्या सुविधा सॉफ्टवेअरने बंद ठेवायचं ठरवलं.

मॉडेल ३ची गोष्ट निराळी. तिच्यात लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल आहेत, ज्यांना एलएफपी म्हणतात. त्यांचं व्होल्टेज बराच काळ सपाट राहतं, त्यामुळे किती चार्ज उरलाय याचा गाडीला नीट अंदाज येत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी १०० टक्के करा, असं टेस्लाच सांगते. कुलूप नाही, तरी सवय ६०सारखीच बिनघोर. रेंज २७२ मैल. जानेवारीच्या थंडीत चार्जिंग मंदावतं, पण गॅरेजात रात्रभर लावणाऱ्याला ते जाणवणार नाही.

आणि वॉरंटी. दोन्ही मॉडेल एसची ८ वर्षांची बॅटरी वॉरंटी २०२४मध्येच संपली. मॉडेल ३ची ८ वर्षं किंवा १ लाख मैल, यातलं जे आधी होईल तोवर, ७० टक्के क्षमतेच्या हमीसह. म्हणजे मैल कमी असतील तर २०३०पर्यंत. बजेट जमत असेल तर तिला मी मॉडेल ३च घे म्हटलं. मॉडेल एसच हवी असेल तर ६०, पण ७५पेक्षा खरोखर स्वस्त मिळाली तरच. तिच्या ४५ मैलांसाठी कुलूप काढायला एक डॉलरही घालू नये.

६० बघायला जाल तेव्हा गाडी १०० टक्के भरून ठेवायला सांगा आणि पडद्यावरचे मैल वाचा. २१०पेक्षा बरेच जास्त दिसले, तर कुलूप आधीच निघालंय. मग आधीच्या मालकाच्या सवयींचा प्रश्न ७५इतकाच तिलाही लागू होतो.